कल्पनेतलं भोक

लवंगीला इंग्रजीत भांडायचं होतं. वर्गातल्या बाकीच्यांना इंग्रजीत मुलाखत द्यायची होती, परदेशी जायचं होतं, निदान फोनवर ततपप न होता बोलायचं होतं. हिला भांडायचं होतं, आणि तसं तिनं भर वर्गात सरांना सांगितलं.

कॉलेजचा नियम असा होता, की सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकानं आपलं एक उद्दिष्ट ठरवायचं. ते भिंतीवर लागायचं आणि शेवटी तोंडी परीक्षेत करून दाखवायचं. जमलं तर इंग्रजीत पास, नाहीतर अख्खा विषय पुढच्या सत्रात पुन्हा. नियम तसा चांगलाच. फक्त उद्दिष्टं सरांनी आधीच छापून आणली होती आणि मुलांनी त्यांतलंच एक उचलायचं होतं. सगळा स्वयंपाक उरकून मग "काय करू जेवायला?" असं विचारावं, त्यातली गत.

"भांडण हे काही उद्दिष्ट नाही," सर म्हणाले. "तू हे घे. नम्रपणे माफी मागणे."

"ते आमच्या मामाला येतं, सर. घरात एक जण पुरे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. भिंतीवर तिच्या नावापुढे माफीच चिकटली.

लवंगी मामाकडे राहून शिकत होती. हे नावही मामानंच ठेवलेलं, दिसायला एवढीशी आणि वाजायला केवढी, म्हणून. मामाचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं आणि कॉलेज सुटलं की ती तिथे कपड्यांच्या घड्या घालायची. मामाची एक पद्धत होती. कपडा घेताना तो काउंटरवरच्या दिव्याखाली पसरायचा, जुना डाग, उसवण, जळल्याची खूण शोधायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्या जागेशेजारी लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. "हे आधीचं आहे बरं का," असं मोठ्यानं सांगायचाही. पुढे वाद नको. एवढं केल्यावर वाद होण्याचं खरं तर कारणच नव्हतं.

पण वाद व्हायचा, आणि तो इंग्रजीत व्हायचा. कपडे टाकताना माणसं घरच्या भाषेत गोड बोलायची. न्यायला आली आणि काही खुपलं, की तीच माणसं इंग्रजीवर चढायची. इंग्रजी ऐकलं की मामा बदलूनच जायचा. एरवी चार माणसांना हसवणारा हा माणूस मग "सॉरी मॅडम, सॉरी साहेब" याच्यापलीकडे जायचा नाही.

मागे एक वकीलीणबाई आपला काळा कोट घेऊन अशाच कडाडल्या होत्या. बाहीवर जळल्याची खूण होती. खुणेला लागून लाल टाका होता. मामाचं बोट त्या टाक्यावर होतं, आणि तोंडात सॉरी. मागे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या लवंगीला ते दिसलं, आणि तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. वकीलीणबाईंचा आला तसा मामाचाही आला.

तेव्हापासून तिनं चंग बांधला. घड्या घालता घालता तिची तालीम चालायची.

"शो मी. शो मी व्हेअर."

"काय गं हे सारखं शो मी, शो मी?" मामानं विचारलं.

"दाखवा म्हणते."

"कुणाला म्हणतेस?"

"जो ओरडेल त्याला."

"गिऱ्हाईक पळवशील तू माझं," मामा म्हणाला. पण तो ऐकत होता.

परीक्षेच्या दिवशी सर आणि विभागप्रमुख बाई समोर बसले होते. सरांनी इंग्रजीत प्रसंग सांगितला. ती दुकानातली नोकर, ते गिऱ्हाईक. दुकानानं त्यांचा कोट जाळला आहे, कोटाला भोक पडलं आहे. तिनं नम्रपणे माफी मागायची. बोलता बोलता त्यांनी खुर्चीवरचा आपला कोट काढून तिच्यासमोर टाकला.

आता ड्रायक्लीनिंगवाल्याच्या भाचीपुढे कोट टाकला तर ती काय करणार? हात आपोआप चालले. तिनं कोट उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, बाह्या उलट्या केल्या, अस्तर चाचपलं. भोक नव्हतं. कॉलरजवळ चहाचा जुना डाग मात्र सापडला. दुकानात लागते म्हणून ओढणीला कायम टोचलेली दोऱ्याची सुई तिनं सवयीनं काढली आणि डागाशेजारी एक लाल टाका घातला.

"शो मी व्हेअर," ती म्हणाली.

सर म्हणाले, भोक आहे असं समज. ती इंग्रजीतच म्हणाली, समजून चालत नाही, आमच्याकडे कपडा बघतात. चहाचा डाग तुमचा आहे, तो निघेल. भोक तुमच्या कल्पनेत आहे, आणि कल्पनेतल्या भोकाची माफी मी मागत नाही. व्याकरण लंगडत होतं, पण ती थांबत नव्हती. बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"अगं ए, नाटक आहे हे," सर घरच्या भाषेत ओरडले.

"इन इंग्लिश, सर, प्लीज," लवंगी म्हणाली.

बाई म्हणाल्या, मुलगी बोलली तर खरी. पण सर नियमावर अडून बसले. उद्दिष्ट माफीचं आहे. तिनं एकदा सॉरी म्हणावं, ते आत्ता सही करतील. एक शब्द होता, दोन अक्षरांचा. लवंगीच्या जिभेवर तो आलासुद्धा, आणि त्याच्यामागे टाक्यावर ठेवलेलं मामाचं बोटही आलं.

"नो," ती म्हणाली, आणि कोटाची नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

निकाल ऐकून मामानं कपाळाला हात लावला. "एक सॉरी म्हणायला तोंड झिजलं असतं का गं तुझं? अख्खं सत्र गेलं पाण्यात."

"तुमचं झिजलंय तेवढं बास झालं, मामा."

मामा इस्त्रीच्या टेबलाकडे वळला. दोन दिवस घड्याही त्यानं स्वतःच घातल्या.

तिसऱ्या दिवशी वकीलीणबाई आल्या. आल्या त्याच इंग्रजीवर चढून. रेशमी जाकीट उसवलंय, आणि ते दुकानानंच उसवलंय. लवंगी हातातली घडी टाकून पुढे धावली. पण मामानं तिच्याकडे न बघताच हात आडवा धरला. त्याच्या ओठांवर 'सॉ' येऊन बसला होता, तो तिला स्पष्ट दिसला. मामानं तो गिळला. दिवा ओढून जाकिटावर आणला.

"शो मी," मामा म्हणाला. "शो मी व्हेअर."