शीग

वळ गावात बायजाबाईच्या हाताची ख्याती होती. तांदूळ मोजताना माप काठोकाठ भरलं तरी ती थांबायची नाही. वर शीग चढवायची आणि चार दाणे घरंगळून खाली पडले की मगच तिचं समाधान व्हायचं. सपाट माप कंजुषाच्या घरी, असं तिला सासूने शिकवलं होतं. अशा बाईच्या हाती मोजण्याचं काम कुणी द्यावं? पण तिच्या धाकट्या पोराचा, शार्दूलचा, नाइलाज होता.

२००६ साल. गावातली भाताची खाचरं एकेक करून गोदामांखाली गेली होती आणि या घरचा एकच तुकडा उरला होता. त्यावर शार्दूलने प्लास्टिकचं हरितगृह उभारून ढोबळी मिरची लावली. तीही मातीत नव्हे, नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत. तिचं सगळं खाणंपिणं टाकीतल्या खताच्या पाण्यातून. बाप महादू माणूस कडक, पण दिल्या शब्दाचा. त्याने पोराला एकच हंगाम दिला होता. मिरची साधली तर जमीन राहील, नाहीतर गोदामवाल्याला ती देण्याचा शब्द त्याने देऊन ठेवला होता. बायजाबाईचा त्या तुकड्यात जीव अडकला होता. नवी नवरी होती तेव्हा पहिली लावणी तिने तिथेच केली होती.

मिरचीला फुलं लागली आणि शार्दूल काविळीने आडवा झाला. टाकीला खताची दोन मापं, कमी नाही, जास्त नाही, असं त्याने आईला पढवलं. तिने तीन आठवडे जिवापाड केलं. पानं काळपट हिरवी झाली तेव्हा ती हरखली. मग पानांच्या कडा करपल्या, फळं लिंबाएवढीच राहिली आणि बुडाशी काळी पडू लागली. रोपं उपाशी राहतायत असं वाटून तिने शीग आणखी चढवली.

शार्दूल उठून आला आणि त्याने टाकीत पाण्यातले क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा दोनचा हवा होता, निघाला साडेचार.

"आये, कसं मोजलंस?"

तिने मोजून दाखवलं. दोन्ही मापांवर शीग होती. खाचरात खाडीचं पाणी शिरलं की भात पाण्यात उभा राहून तहानेने मरतो, तसं झालंय, एवढंच तो म्हणाला. पिशव्या साध्या पाण्याने धुतल्या, पण तोवर फुलं गळून गेली होती. बापाला त्याने सांगितलं, बियाणं खोटं निघालं.

बायजाबाईला ते सोसवेना. ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बी खोटा न्हाय. माझा हात खोटा. मीच मारली मिरची."

त्या हातचं महादू चाळीस वर्षं जेवला होता.

"हात खोटा न्हाय तुझा," तो म्हणाला. "पन सबूद दिलाय मी."

हरितगृहाचं प्लास्टिक उतरवलं त्या दिवशी ती चुलीपाशी तांदूळ मोजत होती. माप भरलं आणि तिने तळहात फिरवून वरचे दाणे काढून टाकले. दारातून शार्दूलने ते पाहिलं. आत येऊन त्याने ओंजळभर तांदूळ त्या मापावर चढवले.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा तळहात फिरवला आणि माप सपाट केलं.