सैल ब्रेकची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि माझा डावा ब्रेक सैल आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं.

नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या इस्पितळात मी उमेदीची वर्षं काढली. मक्याच्या शेतात कणसं नसतील इतकी माणसं मी आत नेली. एकदा वादळाने मला उचलून पाण्याच्या टाकीवर ठेवलं. तिथूनही मी वेळेवर कामाला हजर झाले. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि मला दाराबाहेर कुंड्यांशेजारी लोटलं. कोणी पुसेना.

त्या शरदात, जिच्याकडे गावातल्या बहुतेकांचा विमा होता त्या कंपनीशी इस्पितळाचं फाटलं, करार संपला आणि कंपनीच्या यादीतून इस्पितळाचं नाव गेलं. "आता तिकडे फिरकायचं नाही," असं गावाने ठरवूनच टाकलं.

एका दुपारी नोवोत्नींची पिकअप दारात थांबली. लिडिया चालवत होती. शेजारी तिचा नवरा ऑर्विल छाती धरून बसला होता.

"उतर, ऑर्विल."

"लिंकनला घे. इथे आपला विमा चालत नाही."

"लिंकन दीड तासावर आहे. तुझं तोंड बघ, पिठासारखं पांढरं पडलंय."

"तुझे ते गोड पाव, कोलाचे, जास्त खाल्ले, दुसरं काय."

"या आठवड्यात मी भट्टी पेटवलेलीच नाही. धड खोटं तरी बोल."

पण तो उतरेना. लिडियाने हताश होऊन गिअर टाकला.

मित्रांनो, वारा नव्हता. जमीन तळहातासारखी सपाट. तरी मी निघाले, आणि थेट पिकअपच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. मला पकडायला नर्स डार्ला धावत आली, तिने ऑर्विलकडे पाहिलं आणि पिकअपचं दार उघडलं.

"मिस्टर नोवोत्नी, जिवावर बेतलं की जवळचं इस्पितळ गाठायचं. तातडीच्या उपचाराला विमा कंपनीने आम्हाला यादीतलंच धरायचं, असा कायदा आहे."

"आणि नंतर?"

"नंतर भांडायला आधी जगा. बसा."

तो बसला. मी कुरकुरले नाही. बरं, थोडी कुरकुरले.

ऑर्विल वाचला. घरी निघताना म्हणाला, "आता इथला डॉक्टरही विम्यातून सुटला. पुढच्या तपासण्या राहू देत."

"काही राहू द्यायचं नाही," डार्ला म्हणाली. "कंपनीला फोन करा. गंभीर आजाराचा उपचार मध्यावर असेल, तर काही काळ इथेच चालू ठेवता येतो. पण मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. आणि डॉक्टरांचं वेगळं विचारा. इस्पितळ यादीतून गेलं म्हणजे डॉक्टर गेलेच असं नाही."

लिडियाने माझ्यावरच बसून फोन लावला. कंपनीचं संगीत ऐकता ऐकता तिचा एक मोजा विणून झाला, पण परवानगी घेऊनच ती उठली.

ऑर्विलने जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले. बरा झाल्यावर तो हत्यारांची पेटी घेऊन आला. माझ्या चाकांना ग्रीस लावलं, नवी गादी बसवली. मग पाना डाव्या ब्रेककडे वळला.

"त्याला हात लावू नकोस," लिडिया म्हणाली.

त्याने पाना पेटीत ठेवला.

मित्रांनो, दुखणं आलं की आधी जवळचं दार गाठा, मग विचारा, आणि हक्काचं मागून घ्या. जुन्या खुर्च्यांना अधूनमधून तेल घाला. फक्त माझा डावा ब्रेक तेवढा सोडा. गावात हट्टी माणसं अजून पुष्कळ आहेत.