ऐंशी नंबरचा कण

"ऐंशी नंबर," ती म्हणाली आणि तिने भिंग खाली ठेवलं.

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, काच हातात घेतली आणि भिंग लावून स्वतः पाहिलं. आठ इंची गोल जाड काच, मधोमध बशीसारखी किंचित खोल. तिच्या मऊ दुधी अंगावर मध्यापासून कडेपर्यंत एक ओरखडा गेला होता. ओरखड्याच्या रुंदीवरून तो काच घासायच्या कोणत्या नंबरच्या पुडीच्या कणाने पडला हे सांगणारी या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात ती एकटीच होती. म्हणून तर घासणखातं तिच्या हाताखाली होतं.

"चार महिने घासताय ना, बाई? आता काय?"

"आता पहिल्यापासून. एवढा खोल ओरखडा बारीक पुडीने जात नाही."

"कशाला जिवाला त्रास? एवढं डोकं रविवारी इथं येऊन लावलंत तर पगार वाढवीन."

"सहा दिवस आठ तास लावते, मालक. उरलेलं डोकं माझं आहे," ती म्हणाली आणि काच टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली.

मालकांनी चष्मा परत नाकावर ओढला. या बाईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

शाळेत असताना एकदा कुणीतरी पटांगणात दुर्बीण लावून चंद्र दाखवला होता. रांग लांबलचक, त्यामुळे तिच्या वाट्याला जेमतेम दहा सेकंद आले आणि मागच्या मुलीने तिला ढकललं. तिला वाईट वाटलं नाही, राग आला. तो राग पंचवीस वर्षं टिकला. दुर्बिणीचा आरसा हाताने घासून करता येतो, हे कळल्यावर तिने दोन जाड काचा मागवल्या.

वेळेचं तेवढं अडलं. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. मुलीची शाळा, डबा, अभ्यास आणि कारखाना यांतून पाच ते सहा हा पहाटेचा एकच तास सुटा होता, आणि तो देवाचा होता. लग्नात सासूबाईंनी तिला स्वतःच्या हाताने ओवलेली एकशे आठ मण्यांची माळ दिली होती. पहाटेचा जप तिने बाळंतपणातही चुकवला नव्हता, आणि तो कुणाच्या धाकाने करत होती असंही नाही. जप केला नाही तर तिला दिवस उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा वाटे.

मग तिने दोन्ही एकत्र केलं. मागच्या अंगणात पिंप उभं केलं, त्यावर एक काच पक्की बसवली, वर ओली पूड टाकली आणि दुसरी काच ठेवून घासू लागली. घासताना पिंपाभोवती सावकाश चालत राहायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते. एका फेरीत एकदा नाव घ्यायचं आणि गळ्यातल्या माळेचा एक मणी ओढायचा. एकशे आठ फेऱ्यांत तास भरे.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी खिडकीतून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पिंपाला फेऱ्या घालतेस होय गं? देवाला फसवतेस?"

"फसवायचं असतं तर दार लावून घेतलं असतं, आई."

त्यावर त्यांनी अबोला धरला. तो आठ दिवस टिकला. एकाच स्वयंपाकघरात वावरणाऱ्या दोन बायकांना त्याहून जास्त परवडत नाही.

आता काच घरी आणून तिने कणाचा शोध सुरू केला. ऐंशी नंबर म्हणजे सगळ्यात जाडी पूड. ती संपवून बारीक पुडीवर येऊन तीन महिने झाले होते. त्यानंतर तिने बादली बदलली, एप्रन बदलला, पिंप तीनदा धुतलं, नखं मुळापर्यंत कापली. कारखान्यात जाड पुडीचा एप्रन घालून कुणी बारीक पुडीच्या टेबलाकडे फिरकलं तर ती त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेई. मग हा कण आला कुठून?

संध्याकाळी ती हातपाय धुऊन देवापुढे बसली, माळ हातात घेतली आणि अंगठ्याला काहीतरी टोचलं.

तिने मणी बाजूला सारले. आतला दोरा करडा झाला होता. ओल्या बोटांनी मणी ओढता ओढता ऐंशी नंबरची पूड दोऱ्यात शिरली होती, आणि परवा त्याच बोटांवरून परत काचेवर आली होती. दुनियेला स्वच्छता शिकवणारी बाई स्वतःची माळ धुवायला विसरली होती. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं. दोन्ही आवरून ती उठली आणि कात्री घेऊन आली.

"अगं, काय करतेस?" सासूबाई धावल्या.

"दोरा कापते. यात पूड अडकलीय. ओरखडा यानेच पडला."

"बघ! मी म्हणत होते. देवानेच दाखवलं तुला. आता तरी ती काच फेकून दे."

"देवाने नाही दाखवलं, आई. मी शोधलं. हा कण आहे, शाप नाही. मण्यांना साबण लावला की जाईल."

"माझ्या हातची माळ आहे ती."

कात्री थांबली. तेवढंच एक वाक्य तिला लागलं.

"म्हणूनच धुते," ती हळू आवाजात म्हणाली. "नाहीतर नवी नसती का घेतली? पण काच सोडणार नाही आणि जपही सोडणार नाही. दोन्हीपैकी एक निवड, असं अजून देव मला म्हणालेला नाही. म्हणेल तेव्हा त्याच्याशी भांडेन."

दोरा कापला गेला. मणी परातीत सांडले. सासूबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

अंगणाच्या दारात मुलगी उभी होती. दहावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता, आणि त्या दिवशी आईच्या दुर्बिणीतून चंद्र बघायचा होता. सगळ्या वर्गाला सांगून झालं होतं.

"म्हणजे माझ्या वाढदिवसाला नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," आई म्हणाली. "अकराव्याला."

मुलीचे डोळे भरले. "मी सगळ्यांना काय सांगू?"

"सांग, आईने चूक केली आणि ती दुरुस्त करतेय."

मुलगी थोडा वेळ फुगून बसली. मग परातीपुढे मांडी घालून तिने जुना टूथब्रश उचलला आणि एकेक मणी घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पिंप पुन्हा उभं राहिलं. नव्या दोऱ्यात ओवलेली माळ मुलीच्या हातात होती. मुलगी हातापेक्षा लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये पायरीवर बसली होती.

"माझे हात ओले, पुडीचे. तुझे कोरडे. मी फेरी पुरी केली की तू मणी ओढायचा."

"पण मला जप येत नाही."

"मला येतो. तू फक्त मणी सोडू नकोस."

ऐंशी नंबरची पूड पडली आणि काच काचेवर कराकरा वाजू लागली. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, मला ध्यान लागेना!"

"जाड्या पुडीचा आवाज असाच असतो, आई. महिनाभर सोसा," ती तिथूनच म्हणाली, आणि इतके दिवस ओठांतल्या ओठांत घेतलेलं नाव मोठ्याने घेऊन चालू लागली.

दहाव्या फेरीला तिने काच उचलून पाण्याखाली धरली. चार महिन्यांत आलेली सगळी मऊ झिलई गेली होती. काच पहिल्या दिवसासारखी पांढरी, खरखरीत झाली होती. ओरखडा तेवढा अजून पुसटसा दिसत होता.

"आई, दहा झाले," मुलगी म्हणाली.

तिने काच परत ठेवली, चिमूटभर पूड टाकली आणि अकरावी फेरी सुरू केली.