न्याबोलचा हेवा

दक्षिण सुदानात शांतिसेनेची ड्यूटी संपवून वीरधवल इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी सुट्टीवर आला, आणि आल्यापासून त्याच्या तोंडी एकच नाव. न्याबोल. तिथल्या लढाईत दुसऱ्या जमातीच्या लोकांनी तिचा नवरा मारला होता. तरी त्याच जमातीच्या दोन पोरक्या मुली ती सांभाळत होती.

त्याच्या बायकोने, रेश्माने, फोटो पाहिला. उंच, ताठ, मोकळी हसणारी बाई.

"लय गुणाची दिसतीया," ती म्हणाली आणि भाकरी जरा जोरातच थापली.

"लढाईनंतर बी माणसं सुधारत्यात बघ. न्हाई तर आपलं गाव," वीरधवल म्हणाला.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मारामारी झाली, तीत समोरच्या घरच्या माणसाने रेश्माच्या दिराचा, सूरजचा, जीव घेतला होता. मारणारा तुरुंगात गेला, पण गावाचे दोन तट झाले ते झालेच. त्याची बायको शिवांजली लेकीला घेऊन उन्हातून शाळेपर्यंत चालत जायची. रेश्मा मुलाला स्कूटीवर घेऊन शेजारून निघून जायची.

एका दुपारी तिने नवऱ्यापुढे मोबाईल धरला. "लावा तिला फोन. मला बोलायचंय."

शांतिसेनेच्या छावणीतल्या दुभाष्याने व्हिडिओ कॉल जुळवून दिला.

"इचारा, तिचा राग गेला का?"

न्याबोल बराच वेळ बोलली. दुभाष्याचं ऐकून वीरधवल हळूच म्हणाला, "न्हाई म्हणती. त्या पोरींकडं बघून अजून जळतंय आत. पर पोरी भुकेल्या हुत्या."

ती देवमाणूस निघाली असती तर रेश्माला सोपं गेलं असतं. ही तर तिच्यासारखीच जळणारी, आणि तरी पुढे गेलेली. आता हेवा जास्तच झोंबला.

दुसऱ्या दिवशी तिने शिवांजलीजवळ स्कूटी थांबवली.

"बसव तिला," तिच्याकडे न बघताच ती म्हणाली.

शिवांजली लेकीचा हात धरून तशीच उभी राहिली. मग तिने मुलीला उचलून मागे बसवलं.

संध्याकाळी सासू, साळूबाई, भरल्या ताटावरून उठली. "माज्या सूरजला मारणाऱ्याची पोर तू गाडीवर बसवलीस?"

वीरधवल कौतुकाने काही बोलणार, तोच रेश्मा उसळली, "गप बसा. माजा राग गेलेला न्हाई."

आणि ताट उचलताना म्हणाली, "न्याबोलला कळवा मातर, पोरीला गाडीवर बसवली म्हून. माजं नाव घिऊन."