एकोणीस वर्षं बिनविरोध

विक्रोळीतल्या आमच्या चाळीत पक्ष एकच, तो म्हणजे आमचे हे. एकोणीस वर्षं चाळ कमिटीचे अध्यक्ष, आणि दर वर्षी बिनविरोध. यातली मेख फक्त मला ठाऊक होती, कारण सभेचे वडे मी तळायचे. प्रत्येकाच्या एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात चहा आला की हे उठून विचारायचे, "विरोध असेल त्यांनी हात वर करा." कोण करणार, कपाळ!

माझा राग वड्यांवर नव्हता. कंपनीतून निवृत्त होऊन यांना चार वर्षं झाली, तरी कोकणातलं, आचऱ्याचं आमचं घर बंदच. निघू या म्हटलं की, "कमिटीचं कोण बघणार?" माझे गुडघे चालताहेत तोवर मला त्या घरात राहायचं होतं, यांच्यासोबत. बस्स, एवढंच.

म्हणून यंदा मी वड्यांवर झाकण ठेवलं. "आधी निवडणूक, मग खाणं," असं सभेत जाहीर करून टाकलं. यांनी डोळे वटारले, पण विचारावं तर लागलंच. सगळ्यांचे हात मोकळे होते. तरी एकही वर जाईना!

मग मीच केला.

"मालन, तुझा विरोध?"

"हो. माझ्याकडून ऋतिकाचं नाव."

तीन खोल्या पलीकडची ऋतिका बँकेत आहे, हुशार आहे, आणि तिला मी आधीच पटवलं होतं. ती उठून म्हणाली, "करेन ना मी, काका."

"ऋतिकाच्या बाजूने कोण कोण?" यांनी विचारलं. मी हात वरच ठेवला. ती पोर स्वतःसाठी कसा वर करणार? बाकी सगळे यांच्या तोंडाकडे बघत बसले. शेजारचा सुबोध रोज जिन्यात यांच्या नावाने बोटं मोडतो, तोही मान खाली घालून गप्प. माझा हात भरून आला, आणि खरं सांगते, मला रडूही यायला लागलं.

तेवढ्यात यांनी स्वतःचा हात वर केला. झालं! पटापट सगळ्यांचे वर. ऋतिकाही बिनविरोधच निवडून आली.

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "अहो, एवढं मोठं मन कधी झालं तुमचं?"

"मोठा-बिठा काय नाय," हे म्हणाले. "तुझो हात एकटोच वर होतो गो. माका बघवला नाय."