झुंबरबाईंच्या डब्यातलं रिकामं पाकीट

मी एक जुनं, रिकामं औषधाचं पाकीट आहे. सायखेड्याला झुंबरबाईंच्या पत्र्याच्या डब्यात बटणं आणि सुयांमध्ये पडून असतो. नायट्यावर पोटातून घ्यायच्या दहा गोळ्या माझ्यात होत्या.

मित्रांनो, ही गोष्ट १९९८ सालची. मळ्यातल्या कोथिंबिरीच्या जुड्या धुऊन धुऊन, ओल्या लुगड्यामुळे झुंबरबाईंच्या कमरेला नायटा उठला होता. मला त्यांच्या हातात देताना नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं, "या गोळ्या लिव्हरला बाधू शकतात. दहा दिवस घ्या, मग रक्त तपासू. भूक गेली, लघवी पिवळी झाली तर गोळी बंद करून लगेच या. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका."

झुंबरबाईंनी सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. नायटा गेला आणि पाकिटाला गुण आहे, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो, खोटं कशाला बोलू?

शेजारच्या मळ्यातल्या लंकाबाईंनाही तसाच नायटा झाला. नाशिकला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. झुंबरबाईंनी मला त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे दाखव दुकानात. माझा गेला तसा तुझाबी जाईल."

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं माझ्या पाठीवर इंग्रजीत छापलेलं आहे. दुकानदारानं माझं नाव वाचून तशाच गोळ्या दिल्या, पाठ काही वाचली नाही. नायटा ओल्या लुगड्यानं पुन्हा पुन्हा उठायचा आणि लंकाबाई मला पुन्हा पुन्हा दुकानात न्यायच्या. असे दोन महिने गेले.

मग त्यांना उमासे येऊ लागले, अन्नावरची वासना उडाली, डोळे पिवळे झाले. त्यांचा मुलगा सोमनाथ त्यांना काविळीची माळ घालून घ्यायला घेऊन गेला. आमच्याकडे औषधी काड्यांची माळ गळ्यात घालतात. ती वाढत वाढत खाली आली, की कावीळ उतरली म्हणतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! माळ बेंबीपर्यंत आली तेव्हा घरातले सगळे हरखले. लंकाबाई मात्र रोज सकाळी नायट्याची गोळी घेतच होत्या. कातडीच्या औषधाचा काविळीशी काय संबंध, असं त्यांना वाटायचं.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्या कुणाला ओळखतही नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू होती?"

"कुठलीच नाय, साहेब," सोमनाथ म्हणाला. "माळ घातलीय फक्त."

मी त्याच्याच हातातल्या पिशवीत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

चौथ्या दिवशी लंकाबाई गेल्या. माळ गुडघ्यापर्यंत पोचली होती. काविळीनं नेलं, असंच सगळे म्हणाले. त्यांची पिशवी आवरताना मी झुंबरबाईंना सापडलो. त्या फार रडल्या, मला पदरानं पुसलं आणि परत डब्यात ठेवलं.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घरात कुणाला घेऊ देऊ नका. डॉक्टरांनी विचारलं, तर नायट्याची गोळीसुद्धा सांगा. आणि माझ्यासारखं रिकामं पाकीट दिसलं तर फाडून टाका. मला कुणी फाडलं नाही.

काल लंकाबाईंची सून मनीषा आली होती. जुड्या आता तीच धुते. तिनं पदर सारून कमर दाखवली. झुंबरबाईंनी डबा उघडला, मला तिच्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे दाखव दुकानात."