पायांकडे बघणारी

शिडी पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली तेव्हा टेबलाखाली तिचे पाय मावेनात. खुर्ची मागे सरकवली तर तोंड माइकपर्यंत पोचेना.

"ताई, मी उभी राहूनच बोलू का?" तिने विचारलं.

"नको गं बाई. मागच्या तीन रांगांना सामना दिसायचा नाही."

शिडी हे नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. बारा-तेरा वर्षं ती व्यावसायिक बास्केटबॉल खेळली, मग गुडघा कामातून गेला आणि खेळ सुटला. आमच्या वाहिनीने तिला माझ्याबरोबर समालोचनाला बसवलं. मी स्वतः आयुष्यात एकही चेंडू बास्केटमध्ये टाकलेला नाही. मला बोलता येतं, एवढंच. माझ्या तोंडाचा पट्टा बंद झाला तर पंखा बंद पडल्यासारखं वाटतं, असं आमचे हे म्हणतात. दुसरी खोड म्हणजे नको तिथे नाक खुपसायचं. पण ही खोड नसती तर मी या धंद्यात टिकलेच नसते.

शिडीला वाहिनीने तीन सामने दिले होते. जमलं तर पुढे ठेवणार, नाहीतर नमस्कार. पहिल्या दोन सामन्यांत बाईसाहेब मूग गिळून बसल्या. बोललीच तर भलतीकडचं. पडद्यावर चेंडू एका टोकाला आणि ही दुसऱ्या टोकाच्या मुलीबद्दल सांगतेय. आमच्या कानातल्या यंत्रातून दिग्दर्शक खेकसायचा, "चित्रावर बोला, चित्रावर!" घरून तिची आई फोन करायची, "अगं, शेजारच्यांना मुद्दाम बोलावून टीव्ही लावला, आणि सगळं त्या दुसऱ्या बाईच बोलतायत."

दुसऱ्या सामन्यानंतर मी तिला कँटीनमध्ये गाठलं. "खरं सांग, तू बघतेस तरी कुठे?"

"पायांकडे."

"आणि चेंडू?"

"चेंडू फसवतो, ताई. डोळे फसवतात. खांदे तर फसवायलाच असतात. पाय फसवत नाहीत. जायचं असेल तिकडे पाऊल आधी वळतं."

"मग हेच बोल की माइकवर!"

"यात बोलायचं काय? सगळ्यांना दिसतंच ना?"

"कुणालाही दिसत नाही!"

मी थट्टा करतेय असंच तिला वाटलं. मग कँटीनमधल्या पोऱ्याकडे हळूच मान वळवून म्हणाली, "त्याचा उजवा बूट त्याला चावतोय, हेही नाही दिसत तुम्हाला?"

मी काय, लगेच उठले आणि त्याला जाऊन विचारलं. कालच घेतलेत, टाच सोलून निघालीय, असं तो म्हणाला. मी परत आले ती हरखूनच. आता मला राहवेना. "मग तुझा गुडघा? तो कसा नाही कुणाला दिसला?"

"कप्तानला दिसला होता," ती म्हणाली.

कप्तान म्हणजे तिच्या जुन्या संघाची कप्तान, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण. दोन हंगाम शिडीने दुखणं लपवलं. सकाळी इतर मुली यायच्या आत कप्तान बाथरूमचं दार लावून तिचा गुडघा पट्ट्यांनी करकचून बांधायची. "कुणाला सांगायचं नाही, तुला माझी शपथ, असं मी तिला म्हटलं होतं. नाही सांगितलं तिने." चहात साखर नव्हती तरी शिडी चमचा फिरवत राहिली. "मग एका सामन्यात उडी मारून खाली आले, आणि संपलं."

तिसरा सामना नेमका त्याच जुन्या संघाचा होता. सुरू होण्याआधी कप्तान आमच्या टेबलापाशी आली, शिडीच्या गळ्यात पडली, माझ्याशीही चार शब्द बोलली. जाता जाता शिडीच्या कानाशी वाकली, पण माझे कान तिखट. "आज माझ्याबद्दल जरा कमी बोल हं. तुला माझी शपथ."

शिडीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. ती कप्तानच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिली. पायांकडेच, अर्थात.

सामना सुरू झाला आणि शिडी अशी काही बोलायला लागली की मी गार. "आता ती सात नंबरची डावीकडे वळणार, टाच उचललीय बघा." आणि सात नंबरची डावीकडे! दिग्दर्शकाने कॅमेरेवाल्याला पाय दाखवायला लावले. त्याचा आवाज चक्क लोण्यासारखा झाला. मला तर वाटलं, माझीच खुर्ची धोक्यात आहे.

उत्तरार्धात कप्तानला मोकळी वाट मिळाली. बास्केट समोर, अडवायला कुणी नाही, आणि तिने चेंडू दुसरीला देऊन टाकला. "काय हा निःस्वार्थ खेळ!" मी ओरडले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मी पुन्हा तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. शेजारून हूं की चूं नाही. मी वळून बघितलं तर शिडीच्या मुठी आवळलेल्या.

तेव्हा कुठे मीही पायांकडे बघितलं. कप्तान उडी मारून खाली यायची ती एकट्या उजव्या पायावर. डावा पाय जमिनीला जेमतेम टेकवायची, तापलेल्या फरशीवर टेकवावा तसा.

"तिला विचार, कप्तान आत का घुसत नाहीये," दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला. मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. "हिला सांग, बोलली नाहीस तर आजचा शेवटचा दिवस," तो कडाडला. हे शिडीच्याही कानात गेलंच असणार. तिची पापणीसुद्धा हलली नाही. मला तिचा संताप आला. मैत्रिणीची शपथ पाळतेय वेडी, आणि हातातोंडाशी आलेली नोकरी घालवतेय! मीच बोलून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर तिने टेबलाखाली माझं मनगट गच्च धरलं.

शिट्टी झाली. टाइमआउट. खेळाडू आपापल्या बाकांकडे वळले, आणि शिडीने माझं मनगट सोडून माइक जवळ ओढला.

"कप्तानचा डावा गुडघा दुखावलाय," ती संथपणे म्हणाली. "ती सांगणार नाही. तिला आता बाहेर बसवा. मी हे प्रेक्षकांना नाही, तिच्या संघाच्या डॉक्टरांना सांगतेय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही संघांच्या बाकांवर एकेक जण आमचं समालोचन कानात घालून बसलेला असतो, शिडीच्या जुन्या संघाचे तर डॉक्टरच, हे मला माहीत होतंच की. खेळ चालू असताना शिडी बोलली असती तर समोरच्या मुली आधी त्या गुडघ्यावर धावून गेल्या असत्या. ती शिट्टीची वाट बघत होती.

डॉक्टरांनी कानातलं यंत्र काढलं आणि कप्तानसमोर उकिडवे बसून तिचा गुडघा चाचपला. ती केवढ्याने कळवळली ते आम्हाला टेबलापर्यंत ऐकू आलं. ती पुन्हा मैदानावर उतरली नाही. तिचा संघ एका बास्केटने हरला.

"पुढच्या सामन्याला वेळेवर ये म्हणावं तिला," दिग्दर्शक कानात म्हणाला. मी शिडीला सांगितलं. तिचं लक्ष कप्तानच्या बाकाकडेच होतं.

लोक पांगले, वायरी गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा कप्तान लंगडत आमच्या टेबलापाशी आली. गुडघ्याला बर्फ बांधलेला, डोळे लाल.

"हरलो आपण," ती म्हणाली. "तुझ्यामुळे. मी तुला शपथ घातली होती."

"मीही तुला घातली होती," शिडी म्हणाली. "तू पाळलीस."

कप्तानने टेबलाचा आधार घेतला. मला शंभर प्रश्न पडले होते, पण या खेपेला मी जीभ आवरली आणि उठून माझी खुर्ची रिकामी केली. शिडीने कप्तानला त्या खुर्चीत बसवलं, तिचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बर्फाची पट्टी सोडवायला लागली.

"इतकी करकचून नाही बांधायची गं," ती म्हणाली. "दाखव."